पुरातली नदी आणि युद्ध : पाणी नेमके कोणाला अडवते?

पैलथडी (प्रश्न)

पानिपतच्या मोहिमेविषयी वाचताना एका जागी मी नेहमी अडखळतो, म्हणून येथे विचारतो आहे. १७६०च्या पावसाळ्यात भाऊसाहेबांच्या फौजेचा जून-जुलैमधला बराच काळ गंभीर नदीच्या पुराने खाल्ला. दुआबातले मराठ्यांचे अधिकारी गोविंदपंत यांच्याकडून नावा जमवून इटाव्याच्या बाजूने दुआबात उतरण्याचा बेत पाऊस लवकर सुरू झाल्यामुळे जागच्या जागी राहिला. पुढे ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली हाती आली, तरी यमुना दुथडी भरून वाहत असल्याने मराठे पश्चिमेला आणि अब्दाली पूर्वेला, असे कित्येक आठवडे गेले. १७ ऑक्टोबरला मराठ्यांनी अब्दालीच्या बाजूचे कुंजपुऱ्याचे ठाणे घेतले आणि त्यानंतर जेमतेम आठवडाभरात, पाणी पुरते ओसरलेले नसताना, अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. त्यात त्याची माणसे आणि घोडी वाहून गेली, पण फौज अलीकडे आली.

आता माझी शंका अशी की, नदीला पूर आला म्हणजे चढाई करणारा थांबतो आणि बचाव करणाऱ्याला उसंत मिळते, असे आपण सहज धरून चालतो. हे कितपत खरे आहे? एकाच नदीचे तेच पाणी एका सेनापतीला अडवते आणि दुसऱ्याला अडवत नाही, याचा अर्थ काय लावायचा? शिवाय आजच्या फौजांकडे तयार पूल आहेत, पाण्यात चालणाऱ्या चिलखती गाड्या आहेत आणि हेलिकॉप्टरे आहेत. मग पुराचे महत्त्व आता उरले आहे की ‘पूर होता म्हणून जमले नाही’ ही हरलेल्या बाजूने मागाहून सांगितलेली सबब असते? ज्यांनी प्रत्यक्ष या क्षेत्रात काम केले आहे किंवा इतर युद्धांचा अभ्यास केला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

---

जुना सॅपर (उत्तर)

सैन्याच्या अभियंता दलात माझी बरीच वर्षे पूल टाकण्यात गेली. इतिहास जाणकारांवर सोडून मी फक्त पाण्याविषयी लिहितो.

बाहेरून पाहणाऱ्याला पूर म्हणजे खोली वाटते. पूल टाकणाऱ्याला खोलीची चिंता त्या मानाने कमी असते, कारण तरंगत्या पुलाखाली ३ मीटर पाणी आहे की ८ मीटर, याने पुलाचे फारसे काही बिघडत नाही. त्याची झोप उडते ती धारेचा वेग, पात्राची रुंदी आणि काठाची माती या तीन गोष्टींनी, आणि पुरात या तिन्ही एकाच वेळी बिघडतात.

आधी वेगाचे पाहा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अडव्या वस्तूवर पडणारा त्याचा रेटा चौपट होतो. वल्ह्यांच्या होडीतून १०० मीटर रुंद पात्र ओलांडायचे आहे आणि होडी आडवी सेकंदाला १ मीटर सरकते असे धरले, तर पैलतीर गाठायला १०० सेकंद लागतात. धार सेकंदाला २ मीटर असेल तर तेवढ्या वेळात तीच होडी २०० मीटर खाली वाहत गेलेली असते. हा हिशेब एका होडीचा झाला. रात्रीच्या अंधारात अशा पन्नास होड्या सोडल्या की प्रत्येक होडी वेगळ्या ठिकाणी लागते, एका तुकडीची माणसे दुसऱ्या तुकडीत मिसळतात, मशीनगन एकीकडे आणि तिच्या गोळ्या दुसरीकडे अशी अवस्था होते, आणि रिकाम्या होड्या दुसऱ्या फेरीसाठी मूळ जागी परत येतच नाहीत. शत्रूने एकही गोळी झाडली नाही तरी हल्ल्याची घडी येथेच विस्कटते.

रुंदीचा प्रश्न अधिक फसवा आहे. नकाशात ९० मीटर दिसणारी नदी काठ सोडून शेतात पसरली की ती ४०० मीटर होते आणि आणलेला पूल तोकडा पडतो; त्यातही मधल्या भागात पाणी खोल आणि दोन्ही बाजूंना गुडघाभर, म्हणजे तेथे होडी टेकते आणि गाडी रुतते. पूल कसाबसा जोडला तरी त्याच्याकडे जाणारा रस्ता पाण्याखाली असतो. नवख्या अधिकाऱ्यांना मी नेहमी सांगत असे की, पुलाचे काम पाण्यात सुरू होत नाही, ते काठाच्या मागे दोन किलोमीटरवर सुरू होते, कारण पुलाचे सामान घेऊन येणारे अवजड ट्रक तेथेच चिखलात बसतात. ओल्या मातीवरून पहिल्या दहा गाड्या निघून जातात, पुढच्या दहा चाकोरीत घसरतात, आणि त्यानंतर येणारी गाडी ओढून काढायला दुसरी गाडी लागते.

एका सरावातला प्रसंग सांगतो. नदी कोणती ते महत्त्वाचे नाही. आम्ही रात्री दहाच्या सुमारास तरंगता पूल जोडून पूर्ण केला आणि रिवाजाप्रमाणे पाण्याच्या कडेला खुणा केलेली एक काठी रोवली. आमच्या डोक्यावर स्वच्छ चांदणे होते. बारा वाजता पाणी दोन खुणा चढलेले होते, दोन वाजता काठी दिसेनाशी झाली. पाऊस कोठेतरी वर, आमच्यापासून कित्येक कोस दूर पडला होता. पाण्याबरोबर आधी पालापाचोळा आला, मग फांद्या, मग मुळांसकट उपटलेले झाड. असे एक झाड तराफ्यांना आडवे बसले की त्यामागे बाकीचा कचरा अडकतो आणि थोड्याच वेळात पुलाला वरच्या अंगाने जणू भिंत तयार होते. नांगराचे दोर ताणले की त्यांतून एक घुमल्यासारखा आवाज येतो. तो ऐकला की हातातले काम टाकून पूल मधून सोडवावा लागतो, नाहीतर सगळाच जातो. आम्ही तो सोडवला. सकाळपर्यंत अर्धा पूल अलीकडे, अर्धा पलीकडे आणि पलीकडे गेलेली एक तुकडी उपाशी, असे दृश्य होते. युद्ध असते तर ती तुकडी कैद झाली असती.

पाण्यात चालणाऱ्या गाड्यांविषयी विचारले आहे. साधा रणगाडा तयारीविना मीटर-सव्वा मीटर पाण्यातून जातो. श्वासनळी लावली तर टी-७२च्या जातीचे रणगाडे सुमारे ५ मीटर खोल पाण्याखालून तळावरून चालत जाऊ शकतात, पण त्यासाठी तळ घट्ट हवा, उतरण आणि चढण सौम्य हवी आणि धार मंद हवी. पूर नेमका तळच खरवडतो. काल ज्या जागी वाळू होती तेथे आज खड्डा असतो आणि वरून पाहून काहीच कळत नाही. तरंगणाऱ्या हलक्या गाड्या पाण्यात शिरतात, पण पैलतीराच्या निसरड्या चढावर त्यांचे पट्टे नुसते फिरत राहतात. हेलिकॉप्टर माणसे नेते, हलक्या तोफा नेते. रणगाड्यांच्या एका दलाला रोज लागणारे इंधन आणि दारूगोळा ते नेऊ शकत नाही. म्हणून आजही पुराने पायदळ अडतेच असे नाही, त्याच्या मागचे सगळे अडते.

शेवटची गोष्ट तुमच्या मूळ प्रश्नाच्या अगदी जवळची आहे. आमच्याकडे पहिल्याच वर्षी शिकवतात की, ज्या अडथळ्यावर आपली नजर नाही आणि ज्यावर आपला मारा पोहोचत नाही, त्याला अडथळा म्हणू नये. पुरातली नदी याला अपवाद नाही, पण ती दिसायला इतकी भयंकर असते की पाहणाऱ्याला वाटते, येथे पहारा कशाला ठेवायचा.

---

दप्तरखाना (उत्तर)

जुना सॅपर यांच्या शेवटच्या वाक्याला इतिहासातून भरपूर आधार देता येईल. त्यांतले मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण १९४४च्या नोव्हेंबरातले, मोझेल नदीचे आहे.

जनरल पॅटनच्या तिसऱ्या अमेरिकी सैन्याने ८ नोव्हेंबरला लोरेनमध्ये चढाई सुरू केली, तेव्हा सततच्या पावसाने मोझेलला मोठा पूर आला होता. ९ नोव्हेंबरच्या पहाटे ९०व्या डिव्हिजनने कात्नोम आणि मालिंग या गावांजवळ होड्यांतून नदी ओलांडायला सुरुवात केली. जर्मनांनी पूर्वेच्या काठावर सुरुंग पेरून ठेवले होते आणि खंदक खणले होते. पुराचे पाणी काठावर चढल्यामुळे ते सुरुंग पाण्याखाली गेले आणि अमेरिकी होड्या सरळ त्यांच्यावरून तरंगत पलीकडे गेल्या. खंदकांत पाणी भरल्याने जर्मन सैनिकांनी ते आधीच सोडले होते. इतक्या पाण्यात कोणी येणार नाही ही समजूत तर होतीच. येथपर्यंत पूर चढाई करणाऱ्याचा साथीदार ठरला.

त्यानंतर मात्र त्याच पुराने हिशेब चुकता केला. पाणी चढतच राहिले, नदी किलोमीटरहून अधिक रुंद झाली, मालिंगचा पूल जोडून झाला तेव्हा त्याच्याकडे जाणारा रस्ता पाण्याखाली होता. पलीकडे गेलेल्या पायदळाला सुमारे तीन दिवस रणगाड्यांविना, ओल्या कपड्यांत, थंडीने बधिर झालेल्या पायांनी लढावे लागले, आणि १२ तारखेला जर्मनांचा चिलखती प्रतिहल्ला आला तेव्हा रणगाडाविरोधी गाड्या जेमतेम पोहोचू लागल्या होत्या. डिव्हिजन टिकली; पण नदी ओलांडणे आणि ओलांडलेल्यांना पोसणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा प्रसंग मला चटकन आठवत नाही.

नाही म्हणायला नेपोलियनचा १८०९ सालचा आहे. व्हिएन्नाजवळ लोबाऊ बेटावरून डॅन्यूब ओलांडताना वितळलेल्या बर्फाने नदी फुगलेली होती, आणि ऑस्ट्रियनांनी वरच्या अंगाने झाडांचे ओंडके, दगडांनी भरलेल्या नावा, इतकेच काय तर तरंगत्या पाणचक्क्या प्रवाहात सोडून फ्रेंचांचा मुख्य पूल पुन्हा पुन्हा तोडला. २१ आणि २२ मे रोजी आस्पर्न-एसलिंग येथे पलीकडे अडकलेल्या फ्रेंच फौजेला ना कुमक मिळाली ना दारूगोळा, आणि नेपोलियनला बेटावर माघार घ्यावी लागली. मार्शल लान तेथेच प्राणघातक जखमी झाला. सॅपर महोदयांनी वर्णन केलेले ते आडवे झाड येथे शत्रूने मुद्दाम पाठवले होते, एवढाच फरक. नेपोलियनने पुढचे सहा आठवडे खांब ठोकून पक्के पूल उभारण्यात आणि त्यांच्या वरच्या बाजूला ओंडके अडवणारे कुंपण घालण्यात घालवले, आणि मगच जुलैमध्ये वाग्रामची लढाई दिली.

बचाव करणाऱ्याला पूर बुडवतो याचे उदाहरण हवे असेल तर अमेरिकेच्या यादवी युद्धातला, दक्षिणेच्या बाजूचा फोर्ट हेन्री पाहावा. टेनेसी नदीच्या काठी सखल जागी बांधलेला हा किल्ला १८६२च्या फेब्रुवारीत शत्रूपेक्षा आधी नदीनेच घेरला होता. नदीत पेरलेले सुरुंग पुराने निरुपयोगी केले होते आणि खालच्या तोफा पाण्याखाली गेल्या होत्या. सेनापती टिल्घमनने बहुतेक शिबंदी डोनेल्सन किल्ल्याकडे लावून दिली आणि शंभराहून कमी गोलंदाजांनिशी ६ फेब्रुवारीला उत्तरेच्या बाजूच्या फूटच्या गनबोटींशी तासाभराहून थोडी अधिक वेळ झुंज दिली. गंमत अशी की, जमिनीवरून येणारे ग्रँटचे पायदळ त्याच पावसाने झालेल्या चिखलात अडकून वेळेवर पोहोचलेच नाही, आणि शरणागती घ्यायला आलेली होडी वल्हवत किल्ल्याच्या दरवाज्यातून थेट आत गेली.

---

शंकासुर (उत्तर)

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु त्यांत पूर ही निसर्गाची करणी म्हणून आली आहे. माझ्या मते आधुनिक युद्धात अधिक विचार करण्याजोगा आहे तो माणसाने आणलेला पूर, आणि त्याबाबतीत मी थोडा कडवट आहे.

डचांनी १६७२ साली चौदाव्या लुईच्या फौजेपुढे आपल्याच जमिनी पाण्याखाली घातल्या. त्या पुराची करामत त्याच्या खोलीत होती: पाणी इतपतच ठेवायचे की सैनिकाला चालता येऊ नये आणि नावही टेकावी. गुडघाभर पाण्याखाली कालवा कोठे आणि शेत कोठे हे न दिसल्यामुळे फौज बांधांवरच्या अरुंद रस्त्यांवरच अडकते, आणि तेवढे रस्ते मोजक्या तोफांनी राखता येतात. याचा खरा लाभ शत्रू बुडण्यात नसून माणसे वाचण्यात आहे, कारण पन्नास किलोमीटरची आघाडी पाण्याने झाकली की ती राखायला लागणारी फौज दुसरीकडे वापरता येते. बेल्जियनांनी १९१४च्या ऑक्टोबरअखेर न्यूपोर्ट येथले समुद्राचे पाणी अडवणारे दरवाजे रात्री भरतीच्या वेळी उघडून आणि ओहोटीला बंद करून हेच केले. इसर नदी आणि रेल्वेचा भराव यांमधला सखल भाग हळूहळू भरला, जर्मन मागे हटले आणि ती आघाडी चार वर्षे जवळपास तशीच राहिली. आपल्याकडे १९६५ साली पंजाबात असल उत्तरला कालव्याचे पाणी शेतांत सोडून पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांची वाट चिखलाची केली गेली, तेही याच जातीचे. आणि २०२२च्या फेब्रुवारीअखेर युक्रेनने कीव्हजवळची इर्पिन ही एरवी किरकोळ वाटणारी नदी धरणाचे पाणी सोडून दलदलीसारखी पसरवली, तेव्हा राजधानीकडे येणाऱ्या रशियन चिलखती दलांना मोजक्याच वाटा उरल्या. देमिदिव गावातल्या लोकांच्या तळघरांत ते पाणी पुढे कित्येक महिने साचून होते, हेही सांगितले पाहिजे.

कारण दुसऱ्या टोकाला १९३८चा जून आहे. जपानी सैन्य झेंगझौच्या रोखाने येत असताना चिनी राष्ट्रवादी सरकारने हुआयुआनकौ येथे पीत नदीचा बांध फोडला. त्या नदीचे पात्र गाळाने भरत भरत आजूबाजूच्या मैदानाहून उंच झालेले आहे, त्यामुळे बांध फुटला की पाणी पुन्हा पात्रात जायला वाटच राहत नाही. जपान्यांची पश्चिमेकडची चाल थांबली हे खरे, पण त्यांनी यांगत्सेच्या मार्गाने जाऊन ऑक्टोबरात वुहान घेतलेच. नदीने आपला मार्ग बदलला, खिंडार १९४७पर्यंत बुजले नाही, आणि बुडून, उपासमारीने व रोगराईने मेलेल्या स्वतःच्याच नागरिकांचे अंदाज चार लाखांपासून नऊ लाखांपर्यंत जातात. काही महिन्यांच्या विलंबासाठी ही किंमत होती. सरकारने आधी जपानी बॉम्बना दोष दिला होता, यावरून त्यांना स्वतःलाही ती कशी वाटत असेल याचा अंदाज येतो.

१९७७च्या जिनिव्हा करारांच्या पहिल्या पूरक करारातले ५६वे कलम अशाच अनुभवांशी संबंधित आहे. धरणे, बांध आणि अणुवीज केंद्रे यांवरच्या हल्ल्याने नागरिकांची मोठी हानी होणार असेल, तर ते लष्करी लक्ष्य असले तरी त्यावर हल्ला करू नये, असे ते सांगते. अपवादांची कलमे अर्थातच जोडलेली आहेत. तरी ६ जून २०२३ रोजी रशियाच्या ताब्यातले काखोव्का धरण फुटलेच. द्नीप्रो नदीच्या सखल डाव्या काठावरची रशियनांचीच ठाणी पाण्याखाली गेली, पेरलेले सुरुंग उखडून खाली वाहत गेले आणि दोन्ही बाजूंनी जपून केलेले सुरुंगांचे नकाशे एका दिवसात रद्दी झाले. पाणी ओसरते, पण हे सुरुंग कोठे थांबले ते कोणालाच सांगता येत नाही. वरच्या अंगाला मात्र जलाशय रिकामा होऊन त्याचा तळ उघडा पडला, म्हणजे एके ठिकाणी अडथळा वाढला आणि दुसऱ्या ठिकाणी तो नाहीसा झाला.

---

पैलथडी (प्रश्नकर्ता)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. शंकासुर यांच्या लिखाणावरून आणखी एक विचारावेसे वाटते. मुद्दाम आणलेला पूर किती दिवस टिकणार हे आणणाऱ्याला ठाऊक असते, तेव्हा त्याला त्याचा लाभ व्हायला हवा. तसा तो खरोखर होतो का? आणि पावसाळा तर दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असतो, तरी १९७१ साली तो भारताच्या बाजूने कसा पडला?

---

दप्तरखाना (उत्तर)

पहिल्या प्रश्नाला रूर नदीचे उत्तर आहे. (हिच्या नावावरून प्रसिद्ध औद्योगिक प्रदेशातली रुर समजू नये, ही आखेनजवळची, मास नदीला मिळणारी लहान नदी आहे.) १९४५च्या फेब्रुवारीत दोस्तांनी दुहेरी चढाई आखली होती. उत्तरेकडून ब्रिटिश-कॅनेडियन फौज ८ तारखेला निघाली आणि दक्षिणेकडून सिम्पसनच्या नवव्या अमेरिकी सैन्याने १० तारखेला रूर ओलांडायची होती. वरच्या धरणांचा ताबा जाणार हे दिसताच जर्मनांनी ९ तारखेला श्वामेनाउएल धरणाचे विसर्गाचे दरवाजे असे निकामी केले की पाणी एकदम न लोटता दिवसेंदिवस वाहत राहील. हा विचार फार हुशारीचा होता. एकदम आलेला लोंढा दोन दिवसांत ओसरतो. संथपणे चालू राहिलेल्या विसर्गाने खोरे दोन आठवडे बुडालेले राहिले.

परंतु या दोन आठवड्यांत काय झाले ते पाहा. उत्तरेला ऱ्हाइनचे पाणी बांध ओलांडून पसरले होते आणि कॅनेडियन पायदळ बफेलो नावाच्या उभयचर गाड्यांतून बेटांसारख्या उरलेल्या गावांवर हल्ले करत होते. तेथे दबाव इतका वाढला की, दक्षिणेला तूर्त पाणी राखण करते आहे या भरवशावर जर्मनांनी आपली राखीव दले तिकडे पाठवली. सिम्पसनच्या अभियंत्यांनी जलाशय कधी रिकामा होईल याचा हिशेब मांडला होता. पाणी पुरते उतरेपर्यंत न थांबता, त्याच्या जेमतेम एक दिवस आधी, २३ फेब्रुवारीच्या पहाटे त्याने नदी ओलांडली. धार अजून जोरात होती, होड्या खाली वाहत गेल्या, पायदळाचे कच्चे पूल तुटले. तरीही समोरची फळी विरळ झालेली असल्याने दोन आठवड्यांच्या आत हे सैन्य ऱ्हाइनपर्यंत पोहोचले. पुराने जर्मनांना मुदत मिळवून दिली आणि ती त्यांनी चुकीच्या ठिकाणी खर्च केली.

---

जुना सॅपर (उत्तर)

१९७१विषयी मी लिहितो. एप्रिलमध्ये सेनाप्रमुख माणेकशॉ यांनी मंत्रिमंडळाला थांबण्याचा सल्ला दिला, त्यात पावसाळा हे एक ठळक कारण होते. पूर्व बंगालमध्ये पाऊस सुरू झाला की एका नदीचा पूर असा वेगळा राहतच नाही. खोरेच्या खोरे पाण्याखाली जाते, रस्ते भरावांवरून चालतात आणि त्या भरावांच्या बाहेर तोफ ठेवायला कोरडी जागा मिळत नाही. रणगाडे आणि मोठ्या तोफा घेऊन लढणाऱ्या फौजेसाठी तो काळ वाया जाणारा होता. परंतु त्याच काळात पाकिस्तानी सैन्य शहरांना आणि रस्त्यांना बांधले गेले, आणि नावेतून फिरणाऱ्या मुक्तिवाहिनीला पाणी आंदण मिळाले. १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज येथे उभ्या असलेल्या जहाजांना पोहत जाऊन सुरुंग चिकटवणारे नौसैनिक छापामार भर पावसाळ्यात उतरले होते. म्हणजे पावसाळा सर्वांना ठाऊक होता हे खरे, पण त्या पाण्यात कोणत्या प्रकारची लढाई शक्य आहे याची निवड एका बाजूकडे अधिक होती.

डिसेंबरात पाणी उतरलेले असूनही मेघना काही ओढा झाली नव्हती. आशुगंजचा रेल्वे पूल पाकिस्तानी फौजेने उडवला आणि नदीच्या भरवशावर ती निर्धास्त राहिली. भारतीय सेनापती सगतसिंग यांनी ९ डिसेंबरपासून एमआय-४ हेलिकॉप्टरांनी माणसे पलीकडे नेली, मिळतील त्या नावांतून सामान नेले, आणि ढाक्याची वाट मोकळी केली. येथेही रणगाड्यांचा आणि अवजड सामानाचा प्रश्न राहिलाच होता; समोरच्या फौजेत तेव्हा प्रतिहल्ला करण्याचे बळ उरले असते तर मोझेलकाठची अवस्था येथेही आली असती, असे माझे मत आहे.

आता बागपतकडे वळू. १७६०च्या ऑक्टोबरअखेर यमुना ओसरू लागली होती, म्हणजे तिचा उतार (पाण्यातून ओलांडता येईल अशी उथळ जागा) शोधणाऱ्याला तो सापडण्याचे दिवस सुरू झाले होते. सॅपरच्या नजरेने पाहिले तर हा सर्वांत धोक्याचा आठवडा असतो, कारण लांबून नदी अजून पुरासारखीच दिसते आणि जवळ जाऊन बांबू टाकून पाहणाऱ्यालाच फरक कळतो. अब्दालीच्या माणसांनी पाण्यात उतरून ते पाहिले, काही बुडाली, बाकीच्यांना वाट मिळाली. मराठी फौज तेव्हा उत्तरेला कुंजपुऱ्याच्या बाजूला होती आणि त्या घाटावर इतक्या मोठ्या फौजेला रोखू शकेल असे बळ कोणी ठेवलेले नव्हते. अब्दाली अलीकडे येताच तो भाऊसाहेब आणि दिल्ली यांच्या मध्ये उभा राहिला. पुढे हिवाळ्यात यमुना आणखी उतरली आणि दुआबातून रसद आणणे पाण्याच्या दृष्टीने सोपे झाले, पण तोपर्यंत ती वाट अब्दालीच्या स्वारांच्या हाती गेली होती. गोविंदपंत डिसेंबरात दुआबातच मारले गेले.